दिसतो डान्स, बसते लाथ!

टाळ्या, गाणी, ढोल आणि मधोमध दोघं जण. एक गिरकी घेतो, दुसरा कोलांटी मारतो. दोघंही मजेत डुलतायत. पाहणाऱ्याला वाटतं, काय मस्त डान्स आहे! पण बॉस, ही आहे कापोएरा, ब्राझीलची मार्शल आर्ट. त्या गिरकीतून आलेली टाच कानशिलावर बसली, तर समोरचा जागीच आडवा!

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ही कला ब्राझीलमध्ये घडवली. लढाईची तयारी मालकांच्या लक्षात येऊ नये म्हणून तिला नाचाचा मुखवटा चढवला, असं तिथे सांगतात. १८८८ मध्ये गुलामी संपली, पण १८९० च्या दंडसंहितेने रस्त्यात कापोएरा खेळणाऱ्याला दोन ते सहा महिन्यांची कैद ठरवली. कारण रिओतल्या टोळ्या लाथांच्या जोडीला वस्तरेही चालवत. पुढे १९३२ मध्ये मेस्त्रे बिंबांनी साल्वादोरमध्ये तिची रीतसर शाळा काढली. (मेस्त्रे म्हणजे गुरू. आपला 'मेस्त्री'ही याच पोर्तुगीज शब्दावरून आलाय!) २०१४ मध्ये तर युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाला वारसा यादीत जागा दिली.

मग धोका कुठाय? नेमका त्या डुलण्यातच. शरीर सतत झुलत असल्याने लाथ कधी निघणार, हे कळतच नाही. एका फेमस लाथेत हात जमिनीला टेकतात आणि पाय कंपासासारखा गर्रकन फिरतो. सगळ्या शरीराचा जोर टाचेत! शिवाय पाय ओढून पाडणं आणि डोक्याने धडक देणं आहेच. डोक्यावर हेल्मेट नाही, हातात ग्लोव्हज नाहीत. जाणकार खेळाडू लाथ नाकापासून चार बोटांवर थांबवतो. नवख्याला तेच जमत नसतं.

आता मुंबईतही कापोएरा शिकवतात. वीकेंडला ट्राय करायचंय? जरूर करा. फक्त क्लास निवडताना एक बघा: तिथे आधी लाथ शिकवतात की लाथ चुकवणं? खाली बसून वार डोक्यावरून जाऊ देणं आणि नीट पडणं अंगात मुरल्याशिवाय रिंगणात ढकलणारा गुरू टाळा. मनगट किंवा गुडघा आधीच कुरकुरत असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या. आणि रिंगणात उतरलात की समोरच्याच्या पायांवरून नजर हटवू नका. गाणं कितीही भारी असलं तरी!