पीयूष ग्रंथीची परीक्षा कितपत भरवशाची?

मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तिचा हुकूम सुटला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. ते पुरेसे झाले की हुकूम थांबतो. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. सांगलीला आयर्विन पुलाशी पाणी चढू लागले, की वर सातारा जिल्ह्यात कोयना धरणाचा विसर्ग आवरता येतो. खालची वर्दी वर पोचली पाहिजे, एवढेच.

पीयूष ग्रंथीत विशिष्ट गाठ झाली, की वर्दी पोचूनही दरवाजे मिटत नाहीत. चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय वाळतात, साखर व रक्तदाब वाढतो. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यवैद्याने १९१२ मध्ये असा रोगी वर्णिला. रोगाला त्याचेच नाव मिळाले.

तो ओळखायचा कसा? खोटी वर्दी पाठवून! डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलचेच काम करणारे औषध. १९६० मध्ये ग्रँट लिडल यांनी त्याच्यावर आधारलेली परीक्षा मांडली. तिच्या आजच्या सुटसुटीत रूपात रात्री अकराला १ मिलिग्रॅम गोळी देतात आणि सकाळी आठ-नऊला रक्त घेतात. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरले, तर रोग नसण्याचीच शक्यता फार. उतरले नाही, तर मात्र लगेच घाबरून जाऊ नये.

का, ते हिशेबाने पाहू. समजा, हजार लठ्ठ माणसांत पाच खरे रोगी आहेत. परीक्षा शंभरातले पंचाण्णव रोगी पकडते, पण निरोग्यांतल्या वीस टक्क्यांवरही बोट ठेवते. म्हणजे पाचही रोगी बहुधा सापडतील, आणि त्यांच्यासोबत १९९ निरोगी माणसे! केवळ वजन वाढले म्हणून सरसकट ही तपासणी करू नये, ते यासाठी.

शिवाय वर्दी वाटेत अडू शकते. क्षयावरचे रिफाम्पिसिन, फेफऱ्यावरचे फेनिटॉइन ही औषधे डेक्सामेथासोनचा यकृतात झपाट्याने फडशा पाडतात. वर्दी जणू कराडलाच हरवते. पाळणा लांबवण्याच्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या रक्तातले कॉर्टिसॉल वाहणारे प्रथिन वाढवतात. तेथे पुलावरची पट्टीच जास्त दाखवते. खोल औदासीन्य, अति मद्यपान, हाताबाहेर गेलेला मधुमेह यांत गाठ नसतानाही दरवाजे किलकिले राहतात. मग मध्यरात्रीच्या लाळेतले किंवा चोवीस तासांच्या लघवीतले कॉर्टिसॉल पाहावे लागते. त्यातही गळीत हंगामात रात्रपाळी करणाऱ्या साखर कामगाराची लाळ साक्षीला चालत नाही. त्याची मध्यरात्र वेगळी!

रोग ठरला, तरी पीयूष ग्रंथीच दोषी असे नव्हे. अधिवृक्काची गाठही असू शकते. पीयूष ग्रंथीचा हुकूम, म्हणजे एसीटीएच, रक्तात चढा असेल, तर तो तिथूनच येतो की फुप्फुसातल्या एखाद्या गाठीतून, हे ठरवण्यासाठी पूर्वी ८ मिलिग्रॅमची मोठी मात्रा देत. गंमत अशी की, अशा स्त्रियांत दहापैकी नऊ वेळा मूळ पीयूष ग्रंथीतच सापडते. डोळे मिटून "पीयूष" म्हणणारा या परीक्षेपेक्षा कमी चुकेल! संशय उरला, तर ग्रंथीलगतच्या शिरांतले रक्त काढून निर्णय करतात.

आणि सर्वांत आधी एक प्रश्न : सांधेदुखीवर किंवा दम्यावर कुणाच्या बिननावाच्या पुड्या चालू आहेत का? त्यांत स्टेरॉइड असेल, तर चेहरा हुबेहूब तसाच गोल होतो. पुडी डॉक्टरांना दाखवावी, पण आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. झोपी गेलेल्या अधिवृक्क ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत, आणि तेवढ्यात रोग्याच्या जिवावर बेतू शकते.