‘मोफत’ नोंदणीच्या सहीची किंमत

कार्यालयातील फॅक्स यंत्रातून एक अर्ज बाहेर पडतो. वर ‘यलो पेजेस’चे चालत्या बोटांचे परिचित चिन्ह, खाली आपल्याच संस्थेचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक. माहिती तपासा व सही करून परत पाठवा, एवढीच विनंती असते. तळाशी मात्र बारीक अक्षरांत छापलेले असते, की ही सही म्हणजे सशुल्क जाहिरातीची मागणी होय. पुढे देयक येते. पाठोपाठ वसुलीच्या धमक्या.

ते चिन्ह विश्वासाची खूण नव्हे. अमेरिकेत त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीच झाली नाही, त्यामुळे ते कोणालाही वापरता येते. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०११ मध्ये अशा फॅक्सप्रकरणी युरोपातील ‘यलो पेज मार्केटिंग’ या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. औद्योगिक प्रदर्शनांतील सहभागींना ‘फेअर गाईड’, ‘एक्स्पो गाईड’ या नावांनी असेच अर्ज गेले. आता हेच अर्ज ई-मेलनेही येतात.

अनोळखी प्रेषक, आधीच भरलेली माहिती, ठळक ‘मोफत’ आणि परतीची घाई दिसली, की तळटीप आधी वाचावी. सहीचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा. सही झालीच, तर तत्काळ लेखी हरकत नोंदवावी आणि वकिलाचा सल्ला घेतल्याविना पैसे भरू नयेत.