चार्जरने नाकारलेला सेल लगेच टाकू नका



आपल्या घरात आणि गटाच्या कामात पेन्सिल सेल किती ठिकाणी लागतात, ते एकदा मोजून बघा. बैठकीचा बिनतारी माइक, छोटा वजनकाटा, रेडिओ, भिंतीवरचे घड्याळ. आणि सगळ्यात महत्त्वाची टॉर्च. शेतीची वीज रात्री येते, पाणी द्यायला अंधारात बांधावरून जावे लागते. तिथे साप-विंचवाची भीती. अशा वेळी टॉर्च मध्येच विझून चालत नाही.

सारखे नवे सेल घेणे परवडत नाही, म्हणून आपण पुन्हा चार्ज होणारे सेल आणि झटपट चार्जर घेतो. काही दिवस छान चालते. मग एक दिवस सेल चार्जरात घातला की लाल दिवा नुसता लुकलुकतो, चार्जिंग सुरूच होत नाही. नाहीतर दहा मिनिटांतच हिरवा दिवा लागतो, आणि तोच सेल टॉर्चमध्ये पाच मिनिटे टिकत नाही. आपण म्हणतो, गेला सेल, टाका. पण त्यातले काही सेल अजून कामाचे असतात. ते कसे ओळखायचे, हे आज बघू.

चार्जर सेल का नाकारतो?

झटपट चार्जर सेलमध्ये एकदम जास्त वीज सोडतो. म्हणून तो आधी सेल तपासतो आणि भरत असताना त्याच्यावर लक्ष ठेवतो. सेल भरत आला की तापू लागतो आणि त्याचा व्होल्टेज किंचित उतरतो. त्या खुणेवर चार्जर थांबतो. सेल नाकारण्याची कारणे मुख्यतः दोन.

पहिले कारण, सेल पार कोरडा पडलेला असतो. या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेले असते. नेहमीच्या वापरात तो संपला तरी साधारण १ व्होल्ट उरतो. पण टॉर्च रात्रभर चालू राहिली, तर तो याच्याही खूप खाली जातो. मग चार्जरला वाटते, इथे सेलच नाही किंवा तो बिघडलेला आहे.

दुसरे कारण म्हणजे म्हातारपण. जुन्या सेलच्या आत विजेला अडथळा वाढतो. अरुंद तोंडाची बाटली जोराच्या नळाखाली धरली तर काय होते? पाणी तोंडाशीच उसळते आणि बाटली भरल्यासारखी दिसते. आत मात्र ती अर्धी रिकामी असते. तीच बाटली बारीक धारेखाली धरली की नीट भरते. जुन्या सेलचे असेच आहे. झटपट चार्जरला तो भरलेला किंवा बिघडलेला वाटतो, पण सावकाश चार्जरवर तो पुष्कळदा वीज घेतो.

तपासायचे कसे?

१. आधी सेलवरचे वाचा. ‘रिचार्जेबल’ आणि १.२ व्होल्ट असे लिहिलेले हवे. साधे, एकदा वापरायचे सेल दिसायला तसेच असतात. ते चार्जरात कधीच घालू नका. ते गळतात, फुटूही शकतात. ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही या चार्जरात चालत नाहीत.

२. चार्जरचा प्लग काढा. आतल्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा. सेलची दोन्ही टोके खोडरबराने घासा. सेलवर पांढरी-हिरवी पूड किंवा ओल दिसली, तर तो गळतो आहे; उघड्या हाताने धरू नका, बाजूला काढा.

३. सेलची जागा बदला. दुसऱ्या खाचेत चालला, तर दोष चार्जरच्या खाचेत आहे, सेलमध्ये नाही.

४. तरीही घेत नसेल, तर रात्रभर लागणारा जुना, सावकाश चार्जर असलेल्या मैत्रिणीकडे जा. त्यात १०-१५ मिनिटे ठेवून सेल परत झटपट चार्जरात घाला. नुसता कोरडा पडलेला सेल आता पुष्कळदा घेतला जातो. बरेच महिने पडून राहिलेला सेलही असाच जागा होतो. दोन-तीन वेळा भरून वापरला की त्याची ताकद बरीचशी परत येते.

५. एवढे करूनही नाकारला, तर तो म्हातारा आहे असे समजा. त्याला सावकाश चार्जरवरच भरा. वेळेचा हिशेब सोपा आहे. सेलवर २००० एमएएच आणि चार्जरवर २०० एमए लिहिले असेल, तर भागाकार १० तास येतो. थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून १४ ते १६ तास धरा. मध्ये वीज गेली तर तेवढा वेळ मोजू नका. असे बरेच चार्जर आपोआप बंद होत नाहीत, म्हणून वेळ लिहून ठेवा.

असा सेल घड्याळाला किंवा रिमोटला द्या, त्यांना वीज कमी लागते. रात्रीच्या टॉर्चला मात्र तो देऊ नका. तिथे भरवशाचीच जोडी हवी.

हे करू नका

चार्ज होताना सेल कोमट होणे ठीक. हातात धरवत नाही इतका तापला, तर आधी प्लग काढा आणि निवल्यावरच हात लावा. तारा जोडून सेलला थेट वीज देण्याचा प्रयोग कोणी सांगितला तरी करू नका. आज सांगितलेले उपाय मोबाईलच्या किंवा फुगलेल्या बॅटरीला लागू नाहीत.

नवा-जुना सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरा चालूच राहतो. मग रिकामा सेल उलटा चार्ज होऊ लागतो आणि कायमचा बिघडतो. दोन सेल एका दिवशी घेतले, तर ते एकत्रच वापरा आणि एकत्रच चार्ज करा.

खरोखर निकामी झालेला सेल चुलीत किंवा उकिरड्यात टाकू नका. उकिरड्याचे खत आपल्याच शेतात जाते, आणि जुन्या निकेल-कॅडमियम सेलमधले कॅडमियम विषारी असते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून असे सेल डब्यात साठवा, आणि तालुक्याला जाणारीने दुकानात किंवा ई-कचरा केंद्रात ते घेतात का, हे विचारावे.

पुढच्या बैठकीत सगळ्यांनी आपापले नाकारलेले सेल घेऊन या. प्रत्येक जोडीवर पेनाने क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहा. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा: कोणती जोडी टॉर्चची, कोणती घड्याळाची, कोणती बाद. नवे सेल घ्यायचे की नाही, ते या पानावरून ठरवा.