एक गाडी, दोन नावे

आमचे एक शिक्षक मित्र निवृत्तीला सहा वर्षे उरली असताना आयुष्यातली पहिली मोटार घ्यायला निघाले. पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले. त्यामुळे गाडी एकदाच घ्यायची आणि पंधरा वर्षे वापरायची, असा त्यांचा निश्चय होता. दोन शोरूम पाहून ते आमच्याकडे आले ते थोडे वैतागूनच. "मारुतीकडे बलेनो पाहिली, टोयोटाकडे ग्लान्झा. पुढची जाळी आणि बिल्ला सोडला तर गाडी एकच! तरी जो तो सांगतो, टोयोटा घ्या सर, ती टिकते. एकच गाडी एका दुकानातून घेतली तर टिकते आणि दुसऱ्यातून घेतली तर टिकत नाही, हे कसं काय?"

सरांचे निरीक्षण अचूक होते. २०१९ मध्ये टोयोटाच्या नावाने भारतात आलेली ग्लान्झा ही सुझुकीची बलेनोच आहे आणि ती सुझुकीच्याच कारखान्यात बनते. उलट, २०२२ मध्ये आलेली मारुतीची ग्रँड विटारा कर्नाटकात बिडदीला, टोयोटाच्या कारखान्यात बनू लागली. आपल्याकडे चाकणच्या एकाच कारखान्यातून फोक्सवॅगन व्हेन्टो आणि स्कोडा रॅपिड अशा दोन नावांच्या जुळ्या बहिणी बाहेर पडत असत. नवीन गाडीचा आराखडा तयार करायला प्रचंड खर्च येतो, तो दोघांत वाटून घ्यावा, हा यामागचा सरळ व्यापारी विचार. पण विज्ञान शिकवणाऱ्याच्या दृष्टीने अशी भागीदारी ही आयती चालून आलेली प्रयोगशाळा आहे. बाकी सगळे तेच ठेवून एकच गोष्ट बदलली तर काय होते, हे तिथे पाहता येते.

त्याआधी 'टिकते' म्हणजे काय ते ठरवू. अभियांत्रिकीत विश्वासार्हता या शब्दाला मोजता येणारा अर्थ आहे. ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळापर्यंत एखादी वस्तू न बिघडता काम करील याची संभाव्यता म्हणजे तिची विश्वासार्हता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बॉम्बवर काम करणारे अभियंते रॉबर्ट लुसर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा नियम आहे. यंत्राचा प्रत्येक भाग चालला तरच यंत्र चालणार असेल, तर सगळ्या भागांच्या संभाव्यतांचा गुणाकार ही त्या यंत्राची विश्वासार्हता. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत, असे आपण म्हणतो. हा नियम सांगतो की ती त्याहूनही कमकुवत असते.

अगदी स्क्रूपर्यंत मोजले तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग असतात. असे समजू की त्यातला प्रत्येक भाग वर्षभर न बिघडण्याची संभाव्यता ०.९९९९ आहे, म्हणजे दहा हजारांत एखादाच भाग दगा देतो. कोणत्याही कारखान्याला अभिमान वाटावा असा हा आकडा आहे. पण ०.९९९९ चा ३०,००० वा घात काढला तर उत्तर येते ०.०५. शंभरातल्या जेमतेम पाच गाड्या वर्षभर बिनबिघाड राहतील! आता दशांशचिन्हापुढे आणखी एकच नऊ वाढवा. ०.९९९९९ चा ३०,००० वा घात ०.७४ होतो, म्हणजे शंभरातल्या चौऱ्याहत्तर गाड्या. प्रत्यक्षात दिव्याचा बल्ब गेला म्हणून गाडी रस्त्यात थांबत नाही आणि सगळे भाग एकमेकांपासून स्वतंत्रही नसतात, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे. तरी मुद्दा स्पष्ट होतो. चांगली गाडी आणि डोकेदुखीची गाडी यांच्यातला फरक त्या शेवटच्या नवात असतो आणि तो नऊ गाडीकडे नुसते पाहून दिसत नाही. मग तो येतो कुठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जायला हवे. तिथे जनरल मोटर्सचा एक मोठा कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या वर, दारू आणि भांडणे नित्याची. मालावरचा राग काढण्यासाठी गाडीच्या दाराच्या पोकळीत बाटली ठेवून द्यायची, म्हणजे ती जन्मभर खुळखुळत राहील, असले प्रकारही चालत. तिथल्या जुन्या कामगारांनीच नंतर ते सांगितले. १९८२ मध्ये कंपनीने हा कारखाना बंद केला. कामगारच वाईट, असे निदान तेव्हा सर्रास केले जाई.

१९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला. टोयोटाला अमेरिकेत, अमेरिकन कामगारांकडून गाड्या बनवून घेता येतात का ते पाहायचे होते. जनरल मोटर्सला छोटी चांगली गाडी हवी होती. इमारत तीच, कामगार संघटना तीच आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक कामगारही तेच जुने. त्यांच्यातल्या अनेकांना जपानमध्ये टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात नेऊन काम शिकवले गेले. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तुलना केली, तेव्हा जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम येथील जुन्या पद्धतीच्या कारखान्यात दर शंभर गाड्यांमागे जुळणीचे १३० हून अधिक दोष सापडत होते, ताकाओकात ४५ आणि फ्रीमाँटमध्येही ४५. एका गाडीच्या जुळणीला लागणारे मनुष्य-तास अनुक्रमे ३१, १६ आणि १९. म्हणजे दोष कमी करण्यासाठी वेळ जास्त घालवावा लागला, असेही झाले नव्हते.

बदलले काय होते? सांगण्यासारखी गोष्ट आहे ती एका दोरीची. इचलकरंजी किंवा मालेगावच्या वाचकांना ती चटकन समजेल. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे मागांचे संशोधक. सूत तुटताच आपोआप थांबणारा माग त्यांनी बनवला. माग थांबला नाही तर तुटलेल्या सुतानिशी कापड विणत राहतो आणि खराबी वारभर पुढे गेल्यावर लक्षात येते. थांबला तर दोष जिथे झाला तिथेच सापडतो, आणि एकच विणकर अनेक मागांवर लक्ष ठेवू शकतो. हीच कल्पना मोटारीच्या असेंब्ली लाइनवर आली. लाइनच्या कडेने एक दोरी असते. नट बसत नाही, भाग वाकडा आहे, असे दिसताच कामगार ती ओढतो. गटप्रमुख धावत येतो. ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर लाइन थांबते. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणे हे महापाप होते. चुकीची गाडी पुढे ढकलायची आणि शेवटी आवारात नेऊन दुरुस्त करायची, असा रिवाज होता.

दुरुस्ती दोन्हीकडे होते, मग फरक काय, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील. फरक माहितीचा आहे. दोष घडल्यानंतर मिनिटभरात सापडला तर त्याचे कारणही समोर असते: बोथट झालेले हत्यार, चुकीच्या मापाचा खोका, कामाची अवघड उंची. ते कारण काढले की पुढच्या हजार गाड्यांतून तो दोष जातो. आठवड्याने सापडला तर फक्त ती एक गाडी सुधारते, आणि तीही दहा झाकणे उघडून पुन्हा लावल्यानंतर. तो जास्तीचा नऊ असा, रोज थोडा थोडा, मिळवला जातो.

हा प्रयोग शंभर टक्के नियंत्रित होता असे आम्ही म्हणणार नाही. दोन वर्षे बेकारी भोगलेल्या माणसांना नोकरीची किंमत कळलेली होती, त्यांना सहजासहजी कामावरून न काढण्याचे वचनही मिळाले होते आणि गाडीचा आराखडाही टोयोटाचा होता. शिवाय तीच पद्धत लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात रुजवण्याचा जनरल मोटर्सचा प्रयत्न फसला आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. दोरी टांगणे सोपे, ती ओढणाऱ्याला कोणी रागावणार नाही अशी व्यवस्था करणे कठीण. तरी 'कामगारच वाईट' हे निदान चुकले होते, एवढे तर फ्रीमाँटने सिद्ध केलेच.

फ्रीमाँटमध्येच उलटा प्रयोगही झाला. तिथे एकाच लाइनवरून टोयोटा कोरोला आणि तिची जुळी प्रिझ्म बाहेर पडत. प्रिझ्म आधी 'जिओ' आणि नंतर 'शेवरोले' या जनरल मोटर्सच्या नावांखाली विकली जाई. इथे गाडी तीच, नाव तेवढे वेगळे. प्रिझ्मही कमी बिघाडाच्या गाड्यांतच गणली जाई, पण जुन्या बाजारात कोरोलाला जास्त भाव मिळे. ग्राहक मूर्ख होते असे नाही. एकेका गाडीची परीक्षा करणे कुणालाच शक्य नसते, म्हणून आपण कंपनीच्या सरासरीवरून अंदाज बांधतो. जुळ्या गाडीच्या बाबतीत मात्र ती सरासरी चुकीच्या ठिकाणी लावली जाते. ज्यांना हे ठाऊक होते त्यांनी जुनी प्रिझ्म स्वस्तात घेतली आणि वर्षानुवर्षे चालवली. (जनरल मोटर्स २००९ मध्ये भागीदारीतून बाहेर पडली, २०१० मध्ये कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षी तो टेस्लाने घेतला.)

सरांच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथे सुटतो: बिल्ल्याने लोखंड बदलत नाही. पुढे विकताना नावाला थोडे पैसे जास्त मिळतीलही. पण जो पंधरा वर्षे गाडी विकणारच नाही, त्याला त्याचे काय? हमीचा काळ मात्र पाहावा. ग्लान्झा आली तेव्हा तिच्यावर तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची हमी होती आणि बलेनोवर दोन वर्षे किंवा चाळीस हजारांची. पण हमीचेही मर्म समजून घेतले पाहिजे. बिघाडाचे प्रमाण आणि वय यांचा आलेख न्हाणीतल्या टबाच्या आकाराचा असतो. सुरुवातीला प्रमाण जास्त, कारण कारखान्यातून सुटलेले दोष बाहेर पडतात. मग बरीच वर्षे सपाट तळ. शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा चढण. माणसाच्या मृत्युदराचा आलेखही असाच असतो. हमी टबाच्या डाव्या काठाची काळजी घेते. पंधरा वर्षे गाडी ठेवणाऱ्याची गाठ उजव्या काठाशी असते, आणि तो काठ किती लवकर येणार हे बरेचसे आपल्याच हातात असते.

कारण गाडीत एकच घड्याळ चालत नाही. टायर, ब्रेक, क्लच किलोमीटरवर झिजतात. रबराच्या नळ्या, सील आणि बॅटरी महिन्या-वर्षांवर म्हातारी होतात. उष्णतेने ही रासायनिक क्रिया वेगाने होते, म्हणून उन्हात उभी राहणारी गाडी न चालताही वय वाढवत असते. आणि इंजिनाची बरीच झीज किती वेळा थंड अवस्थेत सुरू केले त्यावर ठरते, कारण तेव्हा वंगण वरपर्यंत पोहोचलेले नसते. 'फक्त वीस हजार चाललेली, दहा वर्षांची, एकहाती गाडी' ही जाहिरात म्हणूनच जपून वाचावी.

थोड्या अंतराच्या फेऱ्यांचा आणखी एक तोटा नववी-दहावीच्या वर्गात करून पाहण्यासारख्या हिशेबातून कळतो. पेट्रोल म्हणजे ढोबळमानाने ऑक्टेन. ११४ ग्रॅम ऑक्टेन जळाले की १६२ ग्रॅम पाणी तयार होते. लिटरभर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम, म्हणजे त्यापासून सुमारे १०५० ग्रॅम पाणी! एक लिटर पेट्रोल जाळले की लिटरभर पाणी. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत सायलेन्सर पुरेसा तापतच नाही. पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो. काही वाफ पिस्टनच्या फटीतून इंजिनच्या तेलात उतरते. गाडी कमी चालली तरी तेल वर्षातून एकदा बदला, या सूचनेमागे हे रसायनशास्त्र आहे.

म्हातारपणाचा सगळ्यात भयंकर धडा मात्र ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगनी दिला. फुगा फुगवणारा वायू अमोनियम नायट्रेटच्या वड्या जाळून तयार केला जाई. वर्षानुवर्षे दमट हवा आणि दिवस-रात्रीचे चढउतारते तापमान सोसून या वड्या भुसभुशीत होत. जळण्यास मिळणारे पृष्ठफळ वाढले की ज्वलन अतिवेगाने होई, दाब मर्यादेपलीकडे जाई आणि धातूची डबी फुटून तिचे तुकडे चालकाच्या अंगात घुसत. यात माणसे दगावली. एकट्या अमेरिकेत १९ कंपन्यांच्या गाड्यांतील सुमारे ६ कोटी ७० लाख उपकरणे परत मागवावी लागली. जून २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. होंडाने भारतातही अशा गाड्या परत बोलावल्या. उष्ण, दमट प्रदेशातल्या जुन्या गाड्यांना धोका सर्वाधिक. आपल्या कोकण-गोव्याची हवा नेमकी तशीच. बिल्ले एकोणीस, आतली वडी एकच! जुनी गाडी घेणाऱ्याने तिच्या सांगाड्याचा क्रमांक देऊन कंपनीकडे 'परत मागवलेल्यांत ही आहे का' एवढे विचारून घ्यावे. काम असल्यास ते फुकट करून मिळते.

सरांनी शेवटी, ज्या कंपनीचे वर्कशॉप त्यांच्या गावाला जवळ होते तिची गाडी घेतली. शाळा घरापासून अडीच किलोमीटर आहे. तिथे ते अजून सायकलनेच जातात. गाडी रविवारी निघते, पण निघाली की चांगली पन्नास-साठ किलोमीटर फिरून येते.