म्हातारपणी कराडला बिऱ्हाड : आधी काय पाहावे?



पोरं नोकरीला लागली, गुडघे कुरकुरू लागले, की वाटते, रान विकावे आणि कराडला ब्लॉक घ्यावा. विचार वाईट नाही. तेथे १९५४ साली सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले, १९६० साली सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. पोरांसाठी खानावळी आणि रिक्षा वाढल्या, त्या म्हाताऱ्यांच्याही उपयोगी पडतात. शेजारी मलकापूरला कृष्णा हॉस्पिटल आहे.

पण तीन गोष्टी पाहाव्यात. रेल्वे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. कॉलेजाजवळच्या खोल्यांना विद्यार्थ्यांची मागणी, म्हणून भाडे चढते आणि रात्री गलकाही असतो. तिसरी गोष्ट कृष्णा-कोयनेच्या संगमाची. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. घर कोठे पडते, ते नगरपालिकेत विचारून घ्यावे.

आम्ही सांगू ते एवढेच : आधी पावसाळ्यासकट वर्षभर भाड्याने राहून बघा. तोवर रान वाट्याने द्या, विकू नका. ब्लॉक पुढेही मिळेल; गेलेले रान परत मिळत नाही.