घोरण्याचा वारसा

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. तासाला असे ३० प्रसंग घडले, की विकार तीव्र मानतात.

हा विकार घराण्यात उतरतो, हे अमेरिकेत किंगमन स्ट्रोल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एका कुटुंबावरून दाखवले. पुढे क्लीव्हलंडमध्ये सूझन रेडलाइन यांच्या चमूने कुटुंबेच्या कुटुंबे तपासली. श्वास अडखळण्याच्या प्रमाणात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा साधारण तिसरा हिस्सा आनुवंशिक निघाला. त्यातलाही मोठा वाटा लठ्ठपणाशी सामाईक आहे.

मग बारीक माणसे का घोरतात? याचे उत्तर बरेचदा जबड्यात असते. जबडा हा डबा मानला, तर जीभ, टाळू आणि चरबी हा त्यातला ऐवज. डबा मोठा असेल तर जास्तीचा ऐवजही मावतो. लहान असेल तर थोड्यानेही गच्च भरतो. आत गेलेली हनुवटी वडिलांकडून येते, तेव्हा हा लहान डबाही तिच्याबरोबर येतो. पूर्व आशियात तुलनेने सडपातळ लोकांतही हा विकार आढळतो, त्यामागे चेहऱ्याच्या हाडांची ही ठेवण आहे. शिवाय श्वासाचे नियमन करणारी मेंदूतील यंत्रणा किती उतावीळ आहे, यावरही बरेच ठरते.

‘घोरण्याचे जनुक’ मात्र अजून सापडलेले नाही, मथळे काहीही म्हणोत. २००१ मध्ये अल्झायमरशी निगडित एपीओई-४ या जनुकरूपावर बोट ठेवले गेले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. २०२१ मध्ये फिनलंडमधील दोन लाखांहून अधिक लोकांच्या, त्यातल्या १६,७६१ रुग्णांच्या, जनुकसंचातून पाच जागा हाती लागल्या. त्यांतली एक एफटीओ, म्हणजे लठ्ठपणाचे जुनेच ओळखीचे जनुक! वजनाचा परिणाम वजा करताच ते यादीतून गळाले. अशा पायावर घरपोच जनुकचाचणी विकणे घाईचेच.

एकाच दोषातून विकार ओढवल्याची उदाहरणे लहान मुलांत दिसतात. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये जबड्याची वाढच खुंटते. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू ढिले आणि चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो; म्हणून अशा प्रत्येक मुलाची, ते घोरत नसले तरी, चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी करावी, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे.