थंडीच्या पहांटे पॉवर टिलर सुरू करणें

कर्जत तालुक्यांत बर्फ पडत नाहीं हें खरें. तथापि पौषांतील कांहीं पहांटे आमच्या दहिवलीस पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, उल्हास नदीवर धुकें बसतें, आणि अंगणांत उभ्या असलेल्या यंत्राचें लोखंड हातास झोंबतें. नेमक्या याच दिवसांत राजनाल्याखालील शेतकऱ्यास उन्हाळी भाताची चिखलणी करावयाची असते. भिवपुरीचें वीजगृह १९२२ सालीं सुरू झालें. तेथें वीज निर्माण करून खालीं सोडलेलें पाणी राजनाल्यानें आमच्या खाचरांत येतें. तें येतें मात्र पाळीनें, आणि पाळी कोणाच्या यंत्रासाठीं खोळंबत नाहीं. पूर्वीं बैल होते. त्यांस थंडी वाजली तरी ते उठत असत. आतां दावणी ओस पडल्या आहेत व सारी भिस्त टिलरावर आहे.

प्रस्तुत लेखकानें तीस वर्षें महसूल कचेरींत लेखणी चालविली. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित खाचरांकडे वळलों तेव्हां यंत्रविद्येचा गंध नव्हता. दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. पाळी पहांटे पांचाची होती. टिलर आठवडाभर उघड्यावर दंव खात उभा होता. बारा-पंधरा वेळां हँडल मारलें. धुराड्यांतून पांढरा धूर येई, पण इंजिन धरीना. इतक्यांत पाटकरी दार उघडून पुढें गेला. मला राग आला, आणि रागाच्या भरांत सबंध मूठ आवळून, आंगठा हँडलाखालून घेऊन जोर केला. इंजिनानें उलट झटका दिला. ज्या हातानें हजारों फेरफार उतरले, त्या उजव्या हाताचें मनगट मोडलें. सहा आठवडे हात प्लॅस्टरांत राहिला. त्या पाळीचें पाणी चिखलणीवांचून वाहून गेलें, दाढेंतील आवण बारा दिवस जास्त उभें राहून जून झालें, आणि भात नेहमीपेक्षां कमी उतरलें.

पुढें गांवच्या फिटरानें तेंच यंत्र माझ्यासमक्ष सुरू करून दाखविलें व म्हणाला, "काका, हँडलाशीं कुस्ती खेळूं नका. आदल्या संध्याकाळीं दोन घटका त्याच्यापाशीं बसा." त्याच्याकडून जें शिकलों तें येथें देतों.

डिझेल इंजिनास ठिणगी नसते. आंत ओढलेली हवा मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शांत दाबली जाते, त्या दाबानें ती पांचशें अंशांच्या आसपास तापते, आणि तींत उडालेलें डिझेल आपोआप पेट घेतें. रूडॉल्फ डिझेलचें इंजिन जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं यशस्वी झालें, तेव्हांपासून तत्त्व हेंच आहे. हवा मुळांतच थंड असेल तर दाबल्यावरहि ती कमी तापते. हिशेबानें पाहतां बाहेरचा वीस अंशांचा फरक आंत पन्नासाच्या घरांत जातो. त्यांत थंड लोखंड ऊब शोषून घेतें, घट्ट झालेल्या तेलामुळें हँडल सावकाश फिरतें, आणि सावकाश फिरल्यामुळें दाबलेली हवा रिंगांजवळून निसटते. पांढरा धूर म्हणजे न जळलेलें डिझेल. तें आंत पोंचतें आहे, कमतरता उबेची आहे, एवढाच त्याचा अर्थ. झिजलेल्या रिंगांचें इंजिन ऑक्टोबरांत निमूट चालतें व पौषांत रुसतें. अशा वेळीं थंडीस दोष देण्यापेक्षां रिंगा बदलणें स्वस्त पडतें.

"डिझेल गोठलें" अशी तक्रार कानीं येते. डिझेलांतील मेण थंडींत साकळतें हें खरें. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें वेगळें डिझेल इंडियन ऑईलनें २०१९ सालीं लडाखसाठीं काढलें, तें याच कारणानें. परंतु पंपावर मिळणारें हिवाळी डिझेल आमच्या दहा अंशांत साकळत नाहीं. उन्हाळ्यांत भरून ठेवलेल्या पिंपांतील डिझेल मात्र पौषांत घालूं नये. आमच्याकडील खरा चोर पाणी आहे. टाकी अर्धी रिकामी ठेवली कीं रात्रीं तिच्या आंतल्या अंगास दंव धरतें, तें तळाशीं उतरतें व गाळणींत जातें. म्हणून टाकी संध्याकाळींच कांठोकांठ भरावी व गाळणीच्या तळचें पाणी सोडून द्यावें.

संध्याकाळींच टिलर छपराखालीं आणून इंजिनावर गोणपाट टाकावें. मात्र तें निवल्यावर टाकावें, गरम धुराड्यावर नव्हे. तेलाच्या डब्यावर "१५ डब्ल्यू ४०" असे आंकडे असतात, त्यांतील डब्ल्यू हें हिवाळ्याचें इंग्रजी आद्याक्षर होय. पहिला आंकडा जितका लहान तितकें तेल थंडींत पातळ. आपल्या यंत्राच्या पुस्तकांत कोणतें चालतें तें पाहूनच घ्यावें, दुकानदाराच्या सांगण्यावरून नव्हे. पहांटे थंड पाणी काढून हातास सोसेल इतकें गरम पाणी भरावें. उकळतें ओतूं नये, थंड बीड तडकतें. नंतर दाब सोडण्याचा खटका उचलून हँडल पंधरा-वीस वेळां मोकळें फिरवावें, म्हणजे तेल सर्वत्र पोंचतें. मग वेग घेऊन खटका सोडावा. आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे झटका आला तरी हँडल हातांतून निसटून जातें.

हवेच्या तोंडाशीं पेटती चिंधी धरणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांतील एकाच्या भुंवया अजून पुऱ्या उगवल्या नाहींत. ईथरचा फवारा त्याहून वाईट; ज्या ट्रॅक्टरांत हवा तापविणारी तार किंवा ग्लो प्लग असतो तेथें त्यानें स्फोट होऊन इंजिन फुटूं शकतें. तसेंच बंद खोपटांत इंजिन चालूं ठेवूं नये. त्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

कर्जत-खालापूर भागांतील रिसॉर्टांत फुगीर चाकांच्या चारचाकी फटफट्या दिसतात, त्यांस ए.टी.व्ही. म्हणतात. कोणी फार्महाऊसवाले त्यांवर खतहि वाहतात. त्या बहुधा पेट्रोलवर चालतात. थंड पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून कार्ब्युरेटर असलेल्या गाडीस चोक ओढून हवा कमी करावी लागते. इंजिन तापलें कीं चोक मागें ढकलावा, नाहींतर प्लग काळा पडतो. बॅटरी थंडींत क्षीण होते, यास्तव बटण पांच-सात सेकंदांहून जास्त दाबूं नये व मध्यें अर्धा मिनिट विसांवा द्यावा. ट्रॅक्टरासहि हेंच लागू.

यंदाच्या पौषांत माझी पाळी पुन्हां पहांटेचीच आली. आदल्या सायंकाळीं टाकी भरली, गाळणी काढली, गोणपाट घातलें. पहांटे चुलीवरचें पाणी ओतलें. मनगटांत अजून कळ येते म्हणून हँडल पुतण्यानें मारलें. इंजिन तिसऱ्या खेपेस धरलें. दोन-तीन मिनिटें मंद चालूं दिलें, मग टिलर खाचरांत उतरविला. पाटकरी दार बंद करावयास आला तेव्हां वरचीं दोन्ही खाचरें चिखलून झालीं होतीं.